मारुती ८००, पुढून खट खट आवाज: लोअर आर्म आणि बुश घरी बदलता येतात का?

पंचगंगा८००

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, २००१ चं मॉडेल, वडिलांनी शोरूममधून नवी घेतलेली आणि आजही घरात रोज वापरात आहे. इंजिन, गिअर, क्लच सगळं ठणठणीत. पण गेल्या पावसाळ्यानंतर पुढून आवाज सुरू झालाय. स्पीड ब्रेकरवरनं हळू उतरताना उजव्या बाजूनं खट्ट असा एकच आवाज येतो, खडीच्या किंवा उखडलेल्या रस्त्यावर मात्र सारखी खडखड. हायवेला सरळ चाललं की काही नाही, पण जरा जोरात ब्रेक मारला की स्टेअरिंग उजवीकडं ओढतंय, आणि हे मला आवाजापेक्षा जास्त खटकतंय कारण गाडी आई पण चालवते.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी वर न उचलताच सांगितलं की पुढचं सगळंच गेलंय, दोन्ही शॉकअप, दोन्ही आर्म, टाय रॉड एंड, वेळ पडली तर स्टेअरिंग रॅक पण. असेलही तसं, पण हात न लावता कसं कळलं ते मला समजलं नाही. आरसी रिन्यू करायला यंदाच आरटीओला न्यायची आहे, त्याआधी हे नीट करायचंच आहे.

मी स्वतः ब्रेक पॅड, कूलंट, अल्टरनेटरचा बेल्ट असली कामं घरी करतो. गोटी सेट आहे, रिंग पाने आहेत, मित्राचा ट्रॉली जॅक मिळेल. दारात सपाट कोबा केलेली जागा आहे. सस्पेन्शनला मात्र कधी हात लावलेला नाही. तर विचारायचं हे की यातलं घरी काय करावं आणि कशाला हात लावू नये? आणि मुळात नक्की काय गेलंय हे ओळखायचं कसं?

गोटीपाना_नाशिक

भावा, आधी एकही पार्ट घेऊ नकोस. ८०० चं पुढचं सस्पेन्शन फार साधं आहे, मॅकफर्सन स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच नळीवर, खाली चाकाला बॉडीशी जोडणारा एक लोअर आर्म, आणि दोन्ही बाजूच्या आर्मना जोडणारा एक आडवा स्टॅबिलायझर बार. झालं. इतक्या कमी गोष्टी आहेत की एकेक तपासत गेलं तर आवाज सापडतोच.

गाडी उचलायच्या आधीच एक टेस्ट करून घे. ज्या रस्त्यावर खडखड होते तिथं हळू चालव आणि ब्रेकवर नुसता पाय टेकव, अगदी हलका. आवाज गेला तर ते सस्पेन्शन नाहीच, ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये हलतायत. तसाच राहिला तर पुढं जा. आणि हो, डिकीतला जॅक, स्टेपनी आणि सायलेन्सरची रबरं पण बघून घे, लोक शॉकअप बदलून मोकळे होतात आणि नंतर कळतं की सायलेन्सर बॉडीला आपटत होता.

मग पुढची दोन्ही चाकं वर घे. चाक वरून आणि खालून धरायचं, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ असतात त्या जागी, आणि आत बाहेर हलवायचं. प्ले म्हणजे ढिलेपणा वाटला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर हबचं बेरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा वरचा भाग. त्यानंतर चाक ३ आणि ९ ला धरून हलव, तिथं खटका लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) किंवा रॅक. टाय रॉड एंडच्या रबरावर बोट ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगितलं की बोटाला लगेच कळतं, डोळ्याला दिसायच्या आधी.

बुश म्हणजे जोडातलं रबर, ते बघायला टॉमी (लोखंडी पहार) लागेल. आर्म जिथं बॉडीच्या फ्रेमला बोल्टनं बसतो तिथं टॉमी घालून हलकेच उचकटून बघ. चांगला बुश थोडा दबतो आणि परत जागेवर येतो, गेलेला असेल तर आर्म मोकळा सरकतो आणि रबराला भेग दिसते. तसंच स्टॅबिलायझर बारचं टोक आर्ममधून जातं तिथले बुश आणि वायसर बघ. तुझी ब्रेकला ओढ आहे ना, माझा पहिला संशय तिथंच आहे. या गाडीत तो बार फक्त गाडी कलंडू नये म्हणून नाहीये, आर्मला पुढं मागं धरून ठेवायचं काम पण तोच करतो. तिथलं रबर गेलं की ब्रेक लागल्यावर ते चाक मागं सरकतं आणि गाडीची चाल बिघडते.

वरचं माउंटिंग तपासायचं तर बॉनेट उघड, स्ट्रटच्या टोकावर हात ठेव आणि जागेवरच कुणाला तरी स्टेअरिंग फिरवायला लाव. हाताला झटके लागले किंवा स्प्रिंग अडखळून टंग करून सुटली तर माउंटिंगचं बेरिंग गेलंय. शॉकअपला बाहेरून तेल ओघळलेलं असेल तर तो गेलाच समज. फुल वळणावर गाडी चालू असताना कट कट कट येत असेल तर ते एक्सलचं सीव्ही जॉइंट, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

हे सगळं बघून इथं लिही, मग पुढचं बोलू.

डोंबिवली_फास्ट

तपासणं ठीक आहे पण बदलायचं काम घरी कशाला? लोअर आर्म बदलायला गॅरेजमध्ये मजुरी काही फार घेत नाहीत. घरी जॅकवर गाडी ठेवून खाली झोपणं मला पटत नाही, जॅक सरकल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड नसतील तर कृपया करू नका.

पंचगंगा८००

स्टँडचा मुद्दा शंभर टक्के मान्य, स्टँडची जोडी विकत घेतली. मजुरीचा प्रश्न नाहीये हो, मला बघायचं आहे की काय गेलंय आणि काय बसवलं.

तपासलं. ब्रेक दाबून पण खडखड तशीच, म्हणजे पॅड नाहीत. ३ आणि ९ ला दोन्हीकडं काही नाही. १२ आणि ६ ला उजवीकडं अगदी किंचित प्ले, ब्रेक दाबला तरी राहतो. उजव्या बॉल जॉइंटचं रबर फाटलंय, आतलं ग्रीस वाळून काळं झालंय आणि त्यात माती. स्टॅबिलायझरच्या उजव्या टोकाचा बुश चेपून पार चपटा झालाय, वायसर आर्मला घासून चकाकतोय. आर्मच्या आतल्या बुशला भेग आहे, टॉमी लावली की चांगला सरकतो. डावीकडचा आर्म घट्ट आहे, रबर शाबूत. शॉकअपला दोन्हीकडं तेल नाही, गाडी दाबून सोडली तर एकदाच वर येऊन थांबते. वर माउंटिंगला पण झटका लागत नाही.

म्हणजे गॅरेजच्या यादीतलं बरंचसं चांगलंच आहे की.

मिरजेची_वर्कशॉपवाली

दादा, तपासणी छान केलीत. आमचं घरचंच वर्कशॉप आहे, ८०० भरपूर येतात अजून, म्हणून सविस्तर लिहिते.

उजवीकडचा आर्म पूर्ण बदला, बॉल जॉइंट आणि आतल्या बुशसकट तयार येतो. बाजारात जुन्या आर्मला नुसता बॉल ठोकून देणारे आहेत, पण तो बॉल सुटला तर चाक आडवं होऊन गाडी जागेवर बसते, तिथं काटकसर नको. स्टॅबिलायझरचे बुश मात्र दोन्ही बाजूचे घ्या, मधल्या दोन ब्रॅकेटमधली रबरं पण घ्या, स्वस्त असतात आणि एकाच वेळी सगळं घट्ट बसतं. नवीन स्प्लिट पिना आणि आर्मच्या बोल्टचे नट नवीन घ्या. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं असलं तरी हे सामान सहज मिळतं. पार्ट हातात घेतल्यावर बॉलची दांडी हातानं फिरवून बघा, ती जडच फिरली पाहिजे. सैल लटकत असेल तर परत करा, डब्यावर कुठलंही नाव असू दे.

आता उचलायचं. ही गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे पुढची चाकं हवेत गेली की गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, गाडी धरून ठेवायला फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. व्हील नट जमिनीवर असतानाच अर्धे ढिले करा. ट्रॉली जॅक मजबूत क्रॉस मेंबरला लावायचा, तेलाच्या चेंबरला किंवा पातळ पत्र्याला अजिबात नाही. स्टँड दरवाज्याखालच्या जॅकच्या खाचेजवळ. तिथला पत्रा गंजलाय का ते आधी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, जुन्या ८०० ना तिथं हमखास गंज असतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. स्टँडवर घेतल्यावर गाडीला दोन्ही हातांनी चांगला धक्का देऊन बघा आणि मगच खाली हात घाला. काढलेलं चाक पण गाडीखाली आडवं सारून ठेवा.

दोन्ही बाजू सारख्याच उंचीवर घ्या. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि नट सोडल्यावर आर्म झटका मारतो. बरेच जण इथंच अडकतात, बारचं टोक आर्ममधून निघतच नाही, मग हातोडा सुरू होतो. दोन्ही चाकं लटकती असतील आणि बारच्या मधल्या ब्रॅकेट ढिल्या केल्या असतील तर बार हातानं हलतो.

सगळ्या नटांना आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. मग क्रम असा: बारच्या टोकाची स्प्लिट पिन काढा, नट काढा, वायसर आणि बुश कसे बसलेत त्याचा फोटो घ्या कारण वायसरची वाटी कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते नंतर आठवत नाही. बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागात) एका आडव्या बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांडीच्या खाचेतून जातो. नकलची फट छिन्नीनं अगदी केसभर उघडा आणि आर्म टॉमीनं खाली दाबा. शेवटी आतला बोल्ट काढला की आर्म हातात.

आर्म सुटला की नकल मोकळी होऊन बाहेर झुकते. तिला हातानं ओढू नका, एक्सल आतल्या बाजूनं निसटतो, आणि गिअरबॉक्समधून बाहेर आला तर गिअर ऑइल खाली. तारेनं बांधून ठेवा. ब्रेकच्या होजला ताण येतोय का तेही बघा.

बसवताना आतल्या बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करायचा नाही. नुसता हाताला घट्ट लागेल इतका. चाक लावा, गाडी खाली घ्या, पुढून दोन चारदा दाबून बसवा, आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना बोल्ट आवळा. का सांगते, तो बुश सरकत नाही, त्यातलं रबर पिळतं. चाक लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमच पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांतच फाटतो. मग लोक म्हणतात डुप्लिकेट पार्ट मिळाला. गाडी खाली असताना हात पोचत नसेल तर आर्मच्या टोकाखाली जॅक लावून तो गाडीचं वजन घेईपर्यंत उचला, स्टँड तसेच राहू देत, तेही चालतं.

टॉर्क रेंच (मोजून ठरावीक जोरानं आवळायचा पाना) कुणाकडनं तरी आणाच आणि आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या, अंदाजानं नको. बारच्या नटाची खाच पिनेच्या भोकाशी जुळत नसेल तर नट थोडा पुढं फिरवायचा, मागं नाही.

पद्मिनीवाले_काका

मुलीनं अगदी बरोबर लिहिलंय. मी एक भर घालतो, कारण हे लिहून ठेवलेलं पुढं कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तुमचे शॉकअप चांगले आहेत म्हणता, उत्तम. पण उद्या ते बदलायची वेळ आली तर बॉनेटखाली स्ट्रटच्या टोकाला जो मधला नट दिसतो, त्याला गाडीवर असताना पाना लावायचा नाही. कडेचे नट काढले की पूर्ण स्ट्रट खाली उतरतो, ते घरी करायला हरकत नाही. मधला नट मात्र दाबलेली स्प्रिंग धरून असतो. स्प्रिंग नीट आवळल्याशिवाय तो सुटला तर वरची वाटी गोळीसारखी उडते. मी माझ्या डोळ्यांनी गॅरेजच्या पत्र्याला पडलेलं भोक पाहिलंय. दोरीनं बांधून, तारेनं बांधून स्प्रिंग उतरवणारे लोक आहेत, तिथून दूर उभं राहावं. स्ट्रट उतरवून, ज्यांच्याकडं स्प्रिंग दाबायचं मशीन आहे त्यांच्याकडं न्यावा, काम करून घ्यावं आणि घरी परत बसवावा. शॉकअप नेहमी जोडीनंच बदलावेत. स्ट्रट नकलला दोन बोल्टांनी जोडलेला असतो, ते काढायच्या आधी खुणा करून ठेवाव्यात म्हणजे चाकाचा कल बदलत नाही.

दुसरं असं की आमच्या पद्मिनीला पुढं ग्रीसचे निपल होते, ठरावीक किलोमीटरला गन लावली की जॉइंट वर्षानुवर्षं चालायचे. ८०० चा बॉल जॉइंट सीलबंद आहे, त्यात बाहेरून ग्रीस भरायची सोय नाही. त्यामुळं त्याचं आयुष्य म्हणजे त्या रबरी टोपीचं आयुष्य. सर्व्हिसिंगच्या वेळी प्रत्येकानं ती टोपी पुसून बघावी. प्ले आलेला नसताना नुसती भेग दिसली तर तेव्हाच टोपी बदलून ग्रीस भरता येतं. आत माती गेल्यावर नुसती टोपी बदलण्यात अर्थ नाही. प्रेशर वॉशर अगदी जवळून त्या रबरावर मारतात तेही थांबवलं पाहिजे, पाणी आत घुसतं.

पंचगंगा८००

काका, ताई, नाशिककर, सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं.

जे लिहिलं होतं तसंच होत गेलं. दोन्ही बाजू वर घेऊन मधल्या ब्रॅकेट ढिल्या केल्यावर बार खरंच हातानं हलत होता. त्रास दिला तो फक्त आतल्या बोल्टनं. नट निघाला पण बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला, पूर्ण आर्म त्याच्याबरोबर फिरत होता. परत तेल मारलं, बोल्टच्या टोकावर जुना नट बसवून त्यावर पितळी दांडा ठेवून ठोकलं म्हणजे आटे खराब होऊ नयेत, आणि अर्धी फेरी इकडं अर्धी तिकडं करत करत शेवटी आला बाहेर. त्या बोल्टची दांडी मधे झिजून बारीक झालेली दिसली म्हणून तोही नवीनच टाकला, नवीन टाकताना दांडीला पातळ ग्रीस लावलं. जुना आर्म शेजारी ठेवून नव्याशी ताडून बघितला, लांबी आणि भोकं जुळली मगच चढवला. जुना बॉल हातात घेतला तर नुसता लटकत होता, कुठल्याही बाजूला पडायचा. हे घेऊन आई रोज बाजारात जात होती या विचारानंच कसंतरी झालं.

बुशचा बोल्ट गाडी खाली घेऊनच आवळला, टॉर्क रेंच उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधनं आणला होता.

खट्ट पूर्ण गेलं. खडीवर आता फक्त टायरचा आवाज येतो. मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंगवरचा हात सैल सोडून ब्रेक मारून बघितला, गाडी सरळ थांबते.

आता एक शंका. सरळ चालताना स्टेअरिंगचा दांडा किंचित तिरका राहतोय, आधी सरळ होता. काही चुकीचं बसलंय का? आणि अलाइनमेंटला गेलो तर तिथले म्हणतायत कॅम्बर (उभ्या चाकाचा आत बाहेर कल) पण करावा लागेल, त्याचे वेगळे पैसे.

मिरजेची_वर्कशॉपवाली

चुकीचं काही बसलेलं नाही दादा. जुना आर्म बुशमध्ये सरकलेल्या अवस्थेत असताना कधीतरी अलाइनमेंट केलेलं असणार, आता चाक मूळ जागेवर आलं म्हणून स्टेअरिंग तिरकं दिसतंय. अलाइनमेंट करावंच लागेल, लांबवू नका, टायर एका कडेनं खायला लागतो. टायरच्या पृष्ठभागावरून आडवा हात फिरवून बघा, एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर बोटाला धार लागत असेल तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडलेला आहे.

८०० ला पुढं फक्त टो सेट होतो, टाय रॉडची लांबी कमी जास्त करून. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढं मागं कल) सेट करायची सोय कंपनीनं दिलेलीच नाही. मशीनवर कॅम्बरचा आकडा दिसेल, तो जरूर बघा, दोन्ही बाजूत फार फरक असेल तर काहीतरी वाकलंय असा अर्थ होतो. पण तो ठोकून किंवा साखळी लावून वाकवून सरळ करतो म्हणाले तर करू देऊ नका. त्यांना सांगा आधी स्टेअरिंग सरळ करून लॉक करा आणि मग दोन्ही टाय रॉड सारखे फिरवा, एकच फिरवून आकडा जुळवला तर टो बरोबर येईल पण दांडा तिरकाच राहील. टायरमधली हवा जायच्या आधी तपासून घ्या.

गोटीपाना_नाशिक

आणि पाचशे किलोमीटर चालली की परत एकदा खाली वाकून बघ भावा. व्हील नट, बॉलचा आडवा बोल्ट, आतला बोल्ट, सगळ्यांना पाना लावून घे. नटांवर आणि बोल्टांवर मिळून एक रंगाची रेघ ओढून ठेवलीस तर पुढच्या वेळी पाना न लावता पण कळेल कुठला फिरलाय ते. डावीकडच्या बॉलचं रबर आज शाबूत असलं तरी वय तेवढंच आहे त्याचं, पावसाळा संपला की बघ.